तुह्या थांबण्याचे चार सेकंद

प्रणू, तुह्या तेरवीले मी तुह्या मावशीसंग भांडलो. पहिले हेच सांगून टाकतो, नाहीतं तू म्हणशीन, पंक्या, माह्या जेवणात तमाशा कायले केला बे? केला. पुन्हा वेळ आली तं पुन्हा करीन.

पंगत बसली होती. तुह्या घरासमोरचा मांडव आमच्याच बिछायत केंद्रातला, स्वयंपाकाचे मोठे गंजही आमचेच, म्हणून वरणाची बकेट माह्याच हातात होती. मावशी बाजूच्या बाईले सांगून राहिली होती, "डॉक्टरनं सांगितलं होतं ना, आंगाले तरास देऊ नोको म्हणून. आयकलं नाही पोरीनं. ढोल पिटू पिटू जीव देल्ला." मीनं बकेट तिथंच खाली ठेवली. म्हणलो, "मावशी, तिले सिकलसेल होता. ते दुखणं ती जन्मतानाच रक्तात घेऊन आलती, आम्ही नाही लावून देलं. अन् तो ढोल नाही, ड्रम आहे." सारी पंगत घास हातात धरून माह्याकडे पाहाले लागली. निल्या बास गिटार वाजवते तसाच, मांगून, चुपचाप आला अन् माही बाही धरून मले चुलीकडे घेऊन गेला. तुहा बाप खाली मान घालून पाणी वाढत राहिला.

तू जाऊन सव्वा महिना झाला. जो भेटते त्याचं एकच रडगाणं. बिचारी. आराम केला असता तं चार वर्षं जास्त जगली असती. मी विचारतो, चार वर्षं काय कराले? खाटेवर पडून भितीकडे पाहाले? तुले बिचारी म्हणणाऱ्यायनं तुले एकदा तरी तू काम करे त्या वरठीच्या फॉर्म भराच्या दुकानात पाहाले पायजे होतं. खराब अक्षराचा अर्ज आणला तं म्हातारा असो का तरणा, तू त्याले बाहेरच्या बाकावर बसवून पुन्हा लिहाले लावे. भल्ली खडूस होती तू. तुह्या तोंडाले लोक भेत, तुह्या दुखण्याले नाही.

पण लोकायसंग भांडणं सोपं आहे. तुह्यासंगचं भांडण अर्धंच राहिलं, तेच मले झोपू देऊन नाही राहिलं. चार सेकंदाचं भांडण. तू म्हणे ठेव, मी म्हणे कापू. तू रविवारी येऊन काहून ते सांगणार होती. तो रविवार आला, पण तू शहापूरले, आमच्या गोदामात, आली नाही.

सुरुवातीपासून सांगतो. तुले माहीत आहे, पण मले बोला लागते.

तुह्या चुलत बहिणीचं लग्न झालं अन् तुम्ही आंबागडाकडून टेम्पोत आमचे गंज वापस घेऊन आले. आमच्याकडे गंज वापस घेताना उलटा करून ठोकून पाहातात. चिरलेला असला तं आवाज फाटका येते. माहा बाप ठोकाले बसला तं तू म्हणली, "काकाजी, सरका, मी करतो जल्दी." अन् तू दोन पळ्या घेतल्या. मी आत गोदामात गिटारच्या तारा बदलून राहिलो होतो. पहिले वाटलं, कोणी गंज फोडून राहिलं. मंग माहे हात थांबले. तू सात गंज तपासता तपासता सातायचं काहीतरी करून टाकलं होतं, ज्याच्यात मान आपोआप हाले. मी बाहेर आलो तं तू म्हणली, "हा चौथा फुटका आहे. पण हा आमच्याकडं येतानाच फुटका होता." पहिल्या भेटीतच भांडण. बरोबरच होती तू, तो आमच्याकडूनच फुटका गेलता.

तसा आपला बँड झाला. मी, तू, अन् वरठीच्या प्लांटमधून ड्युटी सुटली का मोटरसायकलीवर बास गिटार आडवी बांधून येणारा निल्या. नाव तूच ठेवलं, धुरा. मी म्हणलो, हे काय नाव आहे? तू म्हणली, "दोन वावराच्या मधात धुरा असते. ना याचा ना त्याचा, पण सारे भांडण त्याच्यावरच." मले वाटे रॉक बँडचं नाव इंग्रजी पायजे. आता वाटते, तूनं वाचवलं आपल्याले.

तुमच्या गावच्या मंडईतला, दिवाळीनंतरच्या जत्रेतला, तो प्रोग्राम आठवते का व? किल्ल्याच्या पायथ्याशी, भर दुपारी, एका बाजूले जिलेबीचं दुकान अन् दुसऱ्या बाजूले आकाशपाळणा. आपण तीन गाणे वाजवले. आपलेच, कोणाचे उसने नाही. तिसरं संपलं तं समोरचा एक बाबाजी उभा राहिला अन् हात जोडून म्हणे, "पोरंहो, टेस्टिंग झालं असन तं आता गाणं होऊ द्या." निल्याचं तोंड पडलं. मले रडू आलं होतं, खरं सांगतो. तू माइक ओढला अन् म्हणली, "बाबाजी, हेच गाणं होतं." तो म्हणे, "अस्सं? मंग दंडारीचं नाटक कवा हाय?" तू हासू हासू स्टुलावरून खाली पडली. अन् उठून चौथं गाणं असं वाजवलं का बाबाजी दंडार विसरून शेवटपर्यंत बसला. जाताना तुले म्हणे, "पोरी, समजलं काहीच नाही, पण दम हाय."

त्या दिवशी तुहा बाप आला नाही. घरापासून हाकेवर होती मंडई. तो बोडीवर, गावच्या तळ्यावर, मासोळ्या धराचा डोंगा घेऊन बसला. तू म्हणे, "बाबाले आवडत नाही असं नाही. त्याले भेव लागते." तुह्या दुखण्याचं भेव त्याले लय. थंडी लागली, पाणी कमी पडलं, जास्त मेहनत झाली का हाडायत सुया टोचल्यासारखं होते, हे तूच मले सांगितलं होतं, तेही एकदाच. पुन्हा विचारलं तं चिडे. मोजे घालून ड्रम वाजवे, मे महिन्यात. बाजूले दोन लिटरची पाण्याची बाटली. आम्ही विचारलं दुखते का, तं म्हणे, "दुखते तं रोजच. तुमचं वाजवणं आयकून जास्त दुखते."

एकदा मीनं तुह्या काड्या लपवल्या होत्या, आठवते? तुह्या पायावर सूज पाहिली अन् मीनं ड्रमच्या काड्या खुर्च्यायच्या थप्पीमांगं टाकून देल्या. म्हणलो, आज प्रॅक्टिस नाही, तू घरी जा. तू मांडवाच्या दोन खुंट्या उचलल्या अन् वाजवाले बसली. दुसऱ्याच गाण्यात ड्रमचं कातडं फाटलं. मंग माह्याकडे पाहून म्हणली, "हे तुह्यामुळं फाटलं. भरून देजो." अन् दारापाशी जाऊन मांगं फिरली. "पंक्या, मले वाचवाचं काम डॉक्टरचं आहे. तुहं काम गिटार सुरात लावाचं आहे, तेवढं कर." तेव्हा मले राग आला होता. आज तुह्या सांगण्याचे पाय धरावे वाटतात.

आता रेकॉर्डिंगचं. नागपूरच्या स्टुडिओत जा लागन असं मी म्हणे, अन् तू म्हणे, आपल्या गोदामात काय कमी आहे? गाद्या आहेत. खरंच होतं. आमच्या गाद्या साऱ्या भितीले उभ्या लावल्या, वरून सतरंज्या टांगल्या, अन् गोदामाचा स्टुडिओ झाला. हायवेवरच्या ट्रकचा हॉर्नही आत येईना. पहिले दोन गाणे असे बसले का मीच स्वतःची पाठ थोपटली. पण आपल्यासारखे शहाणे आपणच. रेकॉर्डिंग ठेवलं कवा? ऐन लग्नसराईत! सोमवारी पन्नास गाद्या शहापूरच्या लग्नाले गेल्या. गुरुवारी चाळीस भंडाऱ्याले. माहा बाप दर दोन दिवसानं येऊन भितीवरून स्टुडिओ काढून टेम्पोत भरे. तिसरं गाणं थोडं घुमलं, चौथं जास्त, पाचवं विहिरीत बसून गायल्यासारखं. सहाव्या गाण्याच्या दिवशी गोदामात एकही गादी नव्हती. मी म्हणलो, लग्नं संपू दे, मंग सारं पुन्हा करू. तू म्हणली, "राहू दे. आयकणाऱ्याले समजन, का आमच्या गावात लग्नं लागून राहिले होते."

सहावं गाणं म्हंजे 'उभेच आहो'. शब्द माहे, पण भांडण तुहं.

कोण म्हणते बस म्हणून,
आम्ही उभेच आहो.

तिघंही संगमंग वाजवत होतो, एका दमात. दुसऱ्या कडव्यानंतर तू हळूहळू वाढवत आणलं, दाट केलं, दाट केलं, अन् एकदम थांबली. मी दचकलो. माहाही हात थांबला, निल्याचा अर्धा सूर पुढं गेला अन् तोही थांबला. रिकाम्या गोदामात तुहा शेवटचा ठोका घुमत घुमत गेला. मीनं तुह्याकडे पाहिलं. तुही मान वर होती अन् डावा हात गुडघ्यावर होता. मले वाटलं, गेली. दुखणं उठलं. अन् तवाच तू असा ठोका देल्ला का पत्रा थरथरला, अन् आम्ही दोघं तुह्यामांगं धावलो, गाणं संपेपर्यंत.

मी पाण्याची बाटली घेऊन आलो. "लय दुखलं का?"

"गुडघा दुखते थोडा."

"बरं, ते मधातलं कापून टाकतो. चार सेकंदच आहे. कोणाले समजणार नाही."

"कापाचं नाही."

"अवो, गाणं बंद पडल्यासारखं वाटते."

"वाटू दे. तसंच ठेवजो."

"पण काहून?"

तू काड्या पिशवीत टाकल्या. "समजावून सांगा लागते तं मंग वाजवाचं कायले? तुले कान नाही का?"

अन् तू गेली. मले कान होते, प्रणू. त्या कानाले तुहं दुखणं ऐकू आलं, तुहं वाजवणं नाही. हे आज समजून राहिलं.

दिवाळीनंतर मीनं ते कापलं. तुले न विचारता. पहिल्या कडव्यातले तुहेच ठोके उचलून तिथं जोडले, असे का सांधा दिसू नये. मले वाटलं, पन्नास वर्षानंतरही हे गाणं कोणी आयकलं तं त्याले ही पोरगी बिमार होती असं समजू नये. तुह्यावर उपकारच करून राहिलो होतो मी! मोबाइलवर पाठवलं. अर्ध्या तासात तुहा आवाज आला, मांगून स्टेशनच्या गाडीचा भोंगा: "कापलंच ना बे शेवटी? थांब. रविवारी येतो अन् सांगतो तुले."

शुक्रवारी ताप आला. शनिवारी छाती दुखाले लागली. रविवारी मी अन् निल्या वॉर्डात तुह्या खाटेपाशी उभे होतो.

तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं तुले, म्हणून मीच बडबड करून राहिलो होतो. तूनं मास्क काढाले हात उचलला तं नर्सनं खाली केला. मंग तुहं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजाले लागलं. टक, टक, टक. हळू, मंग जल्दी, मंग जल्दी. अन् थांबलं. तू माह्याकडे पाहात होती. डोळे मोठे करून. मले वाटलं, थकली. मीनं तुहा हात धरला अन् म्हणलो, "राहू दे व. आराम कर."

तूनं डोळे मिटले. मले त्या वेळी वाटलं, तुले बरं वाटलं. आता वाटते, तू मनात म्हणली असन, ह्या गधड्याले काही समजत नाही.

माफ कर. हा शब्द तू जिवंत असताना मीनं तुले कधी म्हणला नाही. तूही मले कधी म्हणली नाही, फिटंफाट आहे. पण मी तुहा हात धरून तुहं बोलणं बंद केलं, याची फिटंफाट कशी होईन ते सांग.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन मांडव काढाले तुह्या घरी गेलो. बांबू बांधून झाले, गंज मोजून झाले. तुहा बाप जाळं खांद्यावर टाकून निघाला. माह्याजवळ येऊन थांबला. मले वाटलं, मावशीसंग भांडलो त्याचं काही बोलन. तो म्हणे, "चाल, डोंग्यात बस."

बोडीवर धुकं होतं. मले पोहता येत नाही, तुले माहीत आहे. डोंगा हालला का मी काठ धरे. त्यानं पाण्यात जाळं सोडलं. जाळ्याले वरून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या होत्या, त्या ओळीनं तरंगाले लागल्या. मंग तो बसला अन् म्हणे, "ते तुमचं, तिनं वाजवलेलं. आहे का तुह्या मोबाइलात?"

इतक्या वर्षात त्यानं पहिल्यांदा मांगितलं होतं. मीनं काय लावलं असन? कापलेलं. बापाले पोरीचं दुखणं कायले आयकवावं, असं वाटलं मले. तो कान लावून आयकत होता. तू वाढवत आणलं, दाट केलं, दाट केलं, अन् गाणं सरळ पुढं गेलं. त्याच्या कपाळाले आठी पडली.

"मासोळी गेली वापस," तो म्हणे.

"काय?"

"हात तं तिचाच आहे. आठ वर्षाची होती तवापासून माह्यासंग डोंगा ठोके, ओळखतो. पण इथं थांबाले पायजे होती ती. थांबलीच नाही. गेली ना मासोळी वापस."

मीनं मोबाइल बंद केला. त्यानं बांबूची काठी माह्या हातात देल्ली. "ठोक. डोंग्याच्या आंगाले ठोक. पहिले हळू."

मी ठोकाले लागलो. तो म्हणे, "वरातीचा बँड आहे का? हळू म्हणलं ना. मासोळी उठवाची आहे, भेववाची नाही." मीनं हळू केलं. मंग त्यानं बोटानं इशारा केला तसं वाढवलं, वाढवलं. त्याची नजर बाटल्यायवर होती. एक बाटली हालली. दुसरी हालली. त्यानं एकदम हात वर केला. मी थांबलो नाही, मले माहीतच नव्हतं. त्यानं माह्या मनगटाले धरलं.

"बाटली हालली म्हंजे मासोळी जाळ्यात तोंड घालून राहिली," तो हळूच म्हणे. "तवा ठोकलं तं बिचकते अन् मांगं फिरते. तवा गप राहा लागते. लोकायले जमत नाही ते. ठोकणं साऱ्यायले जमते, गप राहणं नाही जमत. तिले जमे. माहा हात वर असेपर्यंत श्वास नाही घे पोरगी. अन् हात खाली केला का शेवटचा ठोका असा दे, का सारी मासोळी आत."

प्रणू, मी डोंग्यात बसून लहान पोरासारखा रडलो. तुह्या बापानं रडू देल्लं. मंग मीनं त्याले खरं गाणं लावून देल्लं, न कापलेलं. तू वाढवत आणलं. दाट केलं. अन् तू थांबायच्या आधी, आधी म्हणतो मी, तुह्या बापाचा हात आपोआप वर गेला. तू थांबली. गोदामात तुहा ठोका घुमला, अन् बोडीच्या पाण्यावर तो आवाज पसरला. त्यानं हात खाली केला, अन् तू ठोकलं.

त्यानं नाक पुसलं अन् म्हणे, "आता गेली आत."

तवा मले आठवलं. तुही मान वर होती. तू गुडघ्याकडे नाही, वर पाहात होती. तू हात खाली व्हाची वाट पाहात होती. अन् वॉर्डातल्या दांडीवर तू मले हेच वाजवून सांगत होती, अन् मी म्हणलो, आराम कर. मावशी म्हणे ढोलानं मारलं, अन् मी तिच्यावर खेकसलो. पण मी तिच्यापेक्षा काय वेगळं केलं होतं? तिनं तुह्या वाजवण्यात मरण आयकलं, मीनं बिमारी आयकली. तुहं वाजवणं आयकलं ते डोंग्यात बसणाऱ्या एका माणसानं, ज्यानं तुहा एक प्रोग्राम पाहिला नव्हता.

घरी आल्या आल्या मीनं जोडलेले ठोके काढून फेकले. चार सेकंद जागेवर वापस. नागपूरच्या मिक्सिंगवाल्यानं फोन केला. म्हणे, "भाऊ, इथं लोकांना वाटेल नेट गेलं. गाणं बदलतील." मी म्हणलो, "बदलू दे." म्हणे, "निदान दोन सेकंद तरी कमी करू." मी म्हणलो, "दादा, मासोळी वापस गेली तं तुम्ही भरून द्याल का?" त्याले वाटलं असन, दुःखानं ह्याचं डोकं फिरलं. फिरू दे. सहाही गाणे गेले बाहेर, जसेच्या तसे. गाद्या असलेले, नसलेले, ट्रकच्या हॉर्नचे, लग्नसराईचे.

अन् आता कालचं सांगतो, म्हणून तं लिहाले बसलो.

तुमसरच्या कॉलेजात गॅदरिंग होतं. आपल्याले चार महिन्याआधीच बोलावलं होतं, तूच हो म्हणली होती. त्यायचा फोन आला, दुसरा ड्रमर आणा नाहीतं राहू द्या. मी म्हणलो, दुसरा आणणार नाही अन् राहूही देणार नाही. निल्यानं ड्युटी बदलून घेतली. दुपारी स्टेजवर आम्ही दोघंच, मधात कोणी नाही. प्राचार्य माइकवर आले अन् म्हणाले, "दिवंगत कलाकाराला श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं मौन पाळूया." मी त्यायच्या बाजूले गेलो. म्हणलो, "सर, माफ करा. दोन मिनिटं नोको. तिनं स्वतःचं मौन स्वतःच वाजवून ठेवलं आहे, आम्ही तेच पाळतो." ते भांबावले, पण सरकले.

तुहा बाप पहिल्या रांगेत होता. धुतलेला पांढरा सदरा, पायात चप्पल, गुडघ्यावर हात. मीनं त्याले येताना टेम्पोत सांगितलं होतं, "बाबा, आता आमच्या मधात ती नाही. थांबून पुन्हा कवा सुरू कराचं ते आम्हाले समजणार नाही. तुम्ही हात दाखवजा." अन् हो, तुही मावशीही आली होती. तिसऱ्या रांगेत. पहिलं गाणं सुरू झालं तसे तिनं दोन्ही हात कानावर ठेवले, ते काढले नाही. पण उठून गेली नाही, हेही सांगतो.

शेवटी 'उभेच आहो' घेतलं. ड्रमबिगर ते गाणं उघडं वाटते, हाडं दिसून राहिल्यासारखं. मी पायानं स्टेज ठोकत होतो, निल्या बासच्या तारेवर थापा मारत होता. दुसरं कडवं झालं. आम्ही वाढवत आणलं. दाट केलं. तुहा बाप खुर्चीतून उठला, लोकायकडे तोंड केलं अन् त्यानं हात वर केला.

आम्ही थांबलो.

पोट्ट्यायले वाटलं गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या, नेहमीसारख्या. मंग त्यायनं तुह्या बापाले पाहिलं, हात वर करून उभा असलेला, अन् टाळ्या बंद झाल्या. चार सेकंद झाले. त्यानं हात खाली केला नाही. निल्यानं माह्याकडे पाहिलं. आठ झाले असन, दहा झाले असन, मंग मीनं मोजणं सोडलं. मैदानात एवढी माणसं, पण मले माह्या श्वासाचा आवाज आला, अन् मीनं तोही धरला, तू धरे तसा. मले वाटलं, हा आता हात खाली करणारच नाही. अन् मी त्याच्यासाठी तिथं संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो.

मावशीनं कानावरचे हात काढले.

तवा तुह्या बापानं हात खाली केला. अन् आम्ही ठोकलं व, प्रणू. सारी मासोळी आत.